डबल बेलशिवाय विमान हलणार नाही

आमच्या घरात कुठलीही वस्तू अब्बांनी ठोकून, हलवून, कानाशी धरून पाहिल्याशिवाय उंबऱ्याच्या आत आली नाही. प्रेशर कुकर, सायकल, शिलाईचं मशीन, सगळ्यांना ही परीक्षा द्यावी लागली. एसटीच्या स्टेअरिंगवर पंचवीसेक वर्षं काढलेला माणूस. विकणाऱ्याच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नसायचा, यंत्राच्या आवाजावर असायचा. त्यामुळे दोन हजार तीन-चारच्या सुमाराला मी घरात जाहीर केलं की मला कॉम्प्युटर घ्यायचाय, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की पुण्याला मीही येणार. मला नेमकं तेच नको होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं होतं ते. कॉम्प्युटर घ्यायला माझ्याकडे दोन कारणं होती आणि घरात एकच सांगितलं होतं.

सांगितलेलं कारण म्हणजे लग्नपत्रिका. मी पुण्याला जाऊन डीटीपी शिकून आले होते आणि भोरातल्या एका छापखान्यात त्यांच्या म्हाताऱ्या मशीनवर पत्रिका करून देत होते. आमच्या भोर-वेल्ह्याकडची पत्रिका म्हणजे हलकं काम नव्हे. वर गणपती नाहीतर चांदतारा, मध्ये नवरा-नवरी, आणि त्यांच्या खाली दोन्हीकडची अख्खी भावकी. चुलते, मामा, आत्याचे यजमान, आजी सरपंच, माजी सरपंच, पोलीस पाटील, सगळे मानाच्या क्रमाने. एक चुलता राहिला तर तो मांडवात जेवत नाही आणि दोष माझ्यावर येतो. त्या मशीनवर एक पत्रिका उघडायला सांगून मी चहा करून प्यायचे, तरी पडद्यावर गणपतीची सोंडच आलेली असायची. घराची पुढची खोली मोकळी होती. तिथे स्वतःचं मशीन मांडून धंदा करायचा, हे अम्मीलाही पटलं होतं.

न सांगितलेलं कारण म्हणजे विमान. क्लासमध्ये आमच्या सरांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत फ्लाइट सिम्युलेटर लावला होता. पडद्यावर विमानाची काच, समोर घड्याळांची रांग, काचेबाहेर धावपट्टी. सरांनी दांडा ओढला, जमीन खाली गेली, आणि मी हातातला डबा न उघडताच तासभर उभी राहिले. चोवीस वर्षांची बाई, दुसऱ्यांच्या पत्रिका करणारी, जिची स्वतःची पत्रिका कधी छापायची या काळजीत अम्मी असायची, तिने घरी काय सांगायचं? की मला विमान चालवायचंय? म्हणून अब्बांना मी सांगितलं की चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, त्याशिवाय नवरीच्या शालूचा रंग खरा दिसत नाही. खरं तर पत्रिकेला मेमरी जास्त लागते, कार्ड लागतं ते विमानाला. पण हे अब्बांना कोण सांगणार होतं?

अब्बांबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. निवृत्तीच्या चार वर्षं आधी त्यांचं गाडी चालवणं सुटलं. भोर-वेल्हे फेरीवर असताना मार्गासनीच्या अलीकडे डाव्या उतारावरून शेरडांचा कळप रस्त्यात आला आणि अब्बांना तो दिसलाच नाही. मागून कंडक्टरने पाहिला, दोरी ओढून घंटी वाजवली. एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन, डबल बेल, म्हणजे चल. एक वाजली तशी अब्बांचा पाय ब्रेकवर गेला, गाडी थांबली, शेरडं बें बें करत पार झाली. एकालाही धक्का लागला नाही. पण दुसऱ्या दिवशी अब्बा आपल्या पायांनी डेपोत गेले आणि डावीकडचं मला दिसत नाही असं सांगून आले. तपासणीत तेच निघालं. डाव्या डोळ्याची नजर कायमची गेली होती. उरलेली वर्षं त्यांनी डेपोत टायरची नोंद ठेवण्यात काढली.

त्यानंतर ते एसटीत बसले की शेवटच्या सीटवर बसायचे, जिथून रस्ता दिसत नाही. पुढे या म्हणून ओळखीचे ड्रायव्हर हाका मारायचे, जागा करून द्यायचे. अब्बा हसून मागे जायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले की पुढं बसलं की पाय ब्रेक शोधतो. त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नाही. ते चिडचिडे झाले नाहीत, रुसले नाहीत, फक्त रस्त्याबद्दल बोलायचे थांबले. पूर्वी रात्रीच्या जेवणाला अख्खा घाट ताटात यायचा. मला त्या गप्पा फार हव्या होत्या आणि त्या परत कशा आणायच्या ते मला माहीत नव्हतं.

तर आम्ही दोघं पुण्याला गेलो. सुटे भाग जोडून कॉम्प्युटर करून देणारा एक माणूस सरांनी सांगितला होता. एका बोळात त्याचं दुकान, टेबलावर पोट उघडून ठेवलेली मशीनं. मी माझी यादी दिली. त्याने यादी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि पत्रिकेसाठी एवढं मोठं कार्ड कशाला असं विचारलं. मी डोळे मोठे केले. तो शहाणा होता, गप्प बसला.

अब्बांनी मग ताबा घेतला. मशीन किती तापतं, असं त्यांनी पहिलं विचारलं. दुकानदार म्हणाला, फॅन आहे. अब्बांनी कॅबिनेटला कान लावला. मग विचारलं की चढाला दम टिकवंल का. दुकानदार मला विचारू लागला की काका काय म्हणतायत. मी सांगितलं की जास्तीत जास्त काम दिलं तर किती वेळ चालेल, असं विचारतायत. तो म्हणाला, कितीही वेळ. कितीही वेळ या शब्दावर अब्बा कधीच थांबले नसते. त्यांनी स्टूल ओढलं आणि सांगितलं की ट्रायल घ्या, भोर ते वरंध घाट आणि परत, म्हणजे तीन तास, झाकण लावून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गिऱ्हाईक तोलामोलाचं होतं आणि दुपारची वेळ रिकामी होती. दुकानदाराने मशीन जोडलं. सगळ्यात जास्त ताण कशाने येतो असं अब्बांनी त्याला विचारलं, आणि त्या भल्या माणसाने, माझे मोठे केलेले डोळे विसरून, फ्लाइट सिम्युलेटर लावला.

पडद्यावर काच आली, घड्याळं आली, धावपट्टी आली. अब्बा स्टुलावरून उठले. मला वाटलं, आता मुकाट्याने भोरला परत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शालूच्या रंगाचं काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. चहा पिऊन येतो म्हणाले आणि गेले. जाताना पडद्याकडे पाठ करून, भिंतीच्या कडेने गेले. त्या पाठीकडे पाहून मला माझीच लाज वाटली. ज्या माणसाचं चाक सुटलंय त्याच्यासमोर मी चाक मांडून बसले होते.

ते परत आले तेव्हा विमान उडत होतं आणि मशीन रडायला लागलं होतं. चित्र अडखळत होतं. अब्बांनी कॅबिनेटवर तळवा ठेवला, म्हणाले, तापलंय, आता बसंल. दोन मिनिटांनी पडदा निळा झाला आणि मशीन बंद पडलं. दुकानदार खजील झाला. मग त्या दोघांची जी गट्टी जमली, ती पाहण्यासारखी होती. मोठं कॅबिनेट, मागे आणखी एक पंखा, वजनदार पॉवर सप्लाय. अब्बांनी तो हातात तोलून पाहिला, हलका परत दिला. मधेच डिझेल संपलं तर काय, असं त्यांनी विचारलं. म्हणजे वीज गेली तर. दुकानदाराने यूपीएस दाखवला, त्यावर दहा मिनिटं चालतं म्हणाला. अब्बा म्हणाले, उतरायला दहा मिनिटं बास झाली. हे ते पत्रिकेबद्दल बोलत नव्हते, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं.

पडद्याचा प्रश्न तर त्यांनीच सोडवला. नवे चपटे पडदे तेव्हा नुकतेच दुकानात आले होते. दुकानदार तोच घ्या म्हणत होता, मलाही तोच हवा होता, कारण तो दिसायला झोकात होता. मी त्यावर माझी एक पत्रिका लावून दाखवली. अब्बा डावीकडचं पाहायला मान वळवून बघतात, सवयीने. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली आणि म्हणाले, "मान हलवली की नवरीची साडी रंग बदलतीया. लाल हाय का तपकिरी, एक काय ते सांग." आम्ही दोघांनी मान हलवून पाहिलं. खरंच बदलत होती. सरळ बसून पाहणाऱ्या आम्हा दोघांच्या हे ध्यानात आलं नसतं. शेवटी आम्ही जुन्या धाटणीचा, मागे मोठं पोट असलेला सतरा इंची मॉनिटर घेतला. पुढे कितीतरी वर्षं छापून आलेला रंग आणि पडद्यावरचा रंग जुळला तो त्या मानेमुळे.

निघताना त्यांनी काचेमागच्या जॉयस्टिककडे, विमानाच्या दांड्याकडे, बोट दाखवलं. मी म्हणाले, ते नको अब्बा. त्यांनी दोन मागवल्या. हलकी ठेवून दिली, जड बुडाची घेतली, जिच्या माथ्यावर अंगठ्याखाली एक बारीक गोल बटण होतं. बटण कशाचं ते त्यांनी विचारलं नाही, मलाही माहीत नव्हतं.

स्वारगेटला भोरची गाडी लागली. कंडक्टर ओळखीचा निघाला. शेवटच्या सीटवर धक्के बसून काच फुटेल म्हणून त्याने मॉनिटरला पहिली सीट दिली. अब्बांनी मला मॉनिटरला धरून तिथे बसवलं आणि कॅबिनेट घेऊन स्वतः मागे गेले. वरवे आलं, नसरापूर फाटा आला, कामथडी आली, मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मॉनिटरला पुढची सीट आणि ड्रायव्हर शेवटच्या बाकावर, याचं मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

घरी पहिली पत्रिका आली गुंजवणे गावची. धरणामुळे घरं पांगलेली, त्यामुळे कुणाचं नाव कुठल्या गावाखाली घालायचं यावर नवरदेवाचे काका माझ्यापुढे बसून दोन दिवस खल करत होते. मशीन पाण्यासारखं चाललं. संध्याकाळी काम आवरलं की मी विमान काढायचे. आणि पाडायचे. अब्बा दारात उभे राहून बघायचे, आत यायचे नाहीत. सुरू करायच्या आधी ब्रेक तपासलास का, असं दारातूनच विचारायचे. मी नाही म्हटलं की मान हलवायचे. बसा ना अब्बा, असं मी एकदा म्हणाले. ते अंगणात निघून गेले. पुन्हा म्हणायचं नाही असा मी कानाला खडा लावला.

एका दुपारी छापखान्यात प्रूफ देऊन मी परत आले तर पुढच्या खोलीतून इंजिनाचा आवाज येत होता. अब्बा खुर्चीत बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. पडद्यावर विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं होतं, पंखा फिरत होता. मी दारातच थांबले. एक मिनिट गेलं, दोन गेली, ते काही करेनात. मला वाटलं, पुढचं येत नसेल. हळूच जवळ जाऊन विचारलं, की अब्बा, निघत का नाही?

ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "बेल कुठं दिलीया कुणी?"

मी पडद्यावर बेल शोधायला लागले. पण स्वयंपाकघरात अम्मीने ऐकलं होतं. तिला कॉम्प्युटरशी देणंघेणं नव्हतं, बाप-लेक दोघंही बिघडलीत असं ती शेजारी सांगत फिरायची. पण पंचवीस वर्षं ती एका ड्रायव्हरची बायको होती. तिने उलथनं उचललं आणि पितळेच्या परातीवर दोनदा वाजवलं. टण्, टण्.

अब्बांनी गाडी सोडली.

हो, गाडीच. कारण ती वर गेलीच नाही. धावपट्टीभर ते सुरेख सरळ रेषेत गेले, धावपट्टी संपली, तरी गेले, गवतात उतरले, तरी गेले. मी ओरडतेय, दांडा ओढा, दांडा ओढा. अब्बा म्हणाले की जमिनीवरनं बी चाललंय की चांगलं. पुण्याहून दक्षिणेकडे तोंड करून ते विमान हिरव्या माळावरून पाऊण तास चालवत होते, वाटेत न दिसणाऱ्या खड्ड्यांना हळू करत. शेवटी मी विचारलं की अब्बा, उडवायचं का नाही? ते म्हणाले, "सगळी नोकरी एकच शिकलो. चाक रस्ता सोडून गेलं की साहेबाचा मेमो."

मी खुर्चीमागे खाली बसून हसले. अम्मी परात घेऊन बाहेर आली, तीही हसायला लागली. आणि मग अब्बाही. इतक्या वर्षांनी त्यांना स्टेअरिंगवर हसताना पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू.

चाक जमिनीवरून सुटायला आठवडा लागला. बेल मात्र अम्मीच द्यायची. मी टाळ्या वाजवून पाहिल्या, चालल्या नाहीत. विनावाहक म्या चालवायचो न्हाई, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अम्मी पोळ्या लाटत असली तर विमान पोळ्या होईपर्यंत थांबायचं.

मी माझ्या परीने भर घातली. विमानाचा रंग म्हणजे फाइलमध्ये ठेवलेलं एक चित्रच असतं, हे मला कळलं. ते मी माझ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं आणि एका रविवारी अख्खं विमान लाल-पिवळं रंगवलं. नाकावर पाटी काढली, भोर-वेल्हे. मशीन घेताना पत्रिकेच्या आड मी विमान लपवलं होतं, आणि इथे दोन्ही कामं एकाच खुर्चीत बसली होती. अब्बांनी पाटी जवळून पाहिली आणि सांगितलं, मार्गे नसरापूर राहिलं. मी तेही घातलं.

आणि मग ते बटण. अब्बा कात्रजच्या डोंगराच्या अंदाजाने येत होते. सिम्युलेटरमध्ये आमच्याकडचं काही नव्हतं, ना महामार्ग ना गाव, नुसते हिरवे उंचवटे. राजगड म्हणून जो होता त्याला बालेकिल्ला नव्हता. अब्बांना फरक पडत नव्हता, ते घड्याळावर हिशोब करून आता वरवे, आता फाटा असं सांगायचे. फाट्यावर वळताना त्यांचा अंगठा चुकून त्या गोल बटणावर गेला. पडद्यावरचं चित्र फिरलं. समोरची काच गेली आणि डावी खिडकी आली, लाल-पिवळा पंख, त्याखाली डावीकडची सगळी जमीन, बरोबर त्यांच्या चांगल्या डोळ्यासमोर.

त्यांनी अंगठा उचलला, समोरचं आलं. परत दाबला, डावीकडचं आलं. चार-पाचदा केलं. विमान कुठेतरी भलतीकडे कलत होतं, त्यांना पर्वा नव्हती. मग ते अगदी हळू म्हणाले, "डावी बाजू हितं ठेवलीया व्हय. मला वाटलं, गेली."

 अम्मीने पाठीमागून एकदाच उलथनं वाजवलं. मी वळून पाहिलं तर ती पदराने डोळे पुसत होती. विमान उतरवलं त्यांनी, तेही पहिल्यांदाच धड.

त्या रात्री जेवताना वरंध घाट ताटात आला. मग पाबे घाट आला. कुठल्या वळणावर कुठल्या गिअरला गाडी काय म्हणते, कुठे कोण हात दाखवायचं. मी आणि अम्मी ताटावर हात वाळेपर्यंत बसलो.

गुंजवण्याच्या पत्रिका छापून आल्या. नवरदेवाचे काका त्या घ्यायला मार्गासनीला येणार होते आणि गठ्ठे जड होते, म्हणून अब्बा बरोबर निघाले. भोर स्टँडवर वेल्ह्याची गाडी लागली. मी सवयीने गठ्ठा घेऊन मागच्या सीटपर्यंत गेले, ठेवला, वळून पाहिलं तर अब्बा मागे आलेच नव्हते. ते पहिल्या सीटवर बसले होते, डाव्या खिडकीशी. मी गठ्ठा उचलून पुन्हा पुढे आले आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं, एवढा वेळ कुठं होतीस.

डबल बेल झाली. अब्बांचा पाय फळीवर दाबला गेला, मी पाहिलं, पण त्यांनी तो आखडला नाही. कापूरहोळ गेलं, नसरापूर गेलं. मार्गासनीच्या अलीकडे तो उतार आला तसा त्यांचा उजवा अंगठा गुडघ्यावर आपोआप दाबला गेला, आणि मग मान पुरती डावीकडे वळली. उतारावर शेरडं चरत होती, रस्त्यापासून लांब, एक पोरगी काठी घेऊन त्यांच्यामागे उभी.

"अकरा हायती," अब्बा म्हणाले. "आन् एक काळं."

मीही मोजली. बाराच होती.